नाकाकडे दोन खाचा

भाऊ,

आज मला कुणाला तरी सांगायचंच आहे, आणि पहिल्या वाक्यातच ज्याला सगळं कळेल असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही. घरी सांगून झालं. नवरा म्हणाला, "वा, छान!" आणि लगेच गॅस बंद केलास का, असं विचारलं. मुलीने मोबाइलमधून मान वर केली, "मम्मा, ग्रेट," म्हणाली आणि मान परत खाली. त्यांचा दोष नाही. नखाएवढा ताजा तुकडा काचेवर ठेवून त्याचं डोकं कुठे आणि नाक कुठे हे ओळखण्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. तुम्हाला तसं कधी वाटलं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि गेल्या पंधरा दिवसांत मी मनातल्या मनात तुमच्याशी जितकी बोलले तितकी तुम्ही असताना वर्षभरातही बोलले नसेन.

इंदिरानगरच्या घरात, बाल्कनीत बसून लिहितेय. रविवारची सकाळ आहे, समोरच्या बिल्डिंगवर गाद्या वाळत पडल्यात. वही मुलीची जुनी आहे, अर्धी गणिताची. तुम्ही रद्दी कागदाची पाठ वापरल्याशिवाय नवा कागद काढू द्यायचा नाहीत, म्हणून मुद्दाम हीच घेतली. लॅबमध्ये नवं मशीन आलं तेव्हापासून तुम्हाला सांगायचं म्हणत होते. पण मशीनचं कौतुक काय, ते कुणीही करेल. आता सांगण्यासारखं काहीतरी घडलंय.

आपलं ते तळघर मला रोज आठवतं. हॉस्पिटलच्या कॅन्टीनच्या मागून उतरायचं, पायऱ्यांवर कायम कांदेपोह्यांचा वास, आणि खाली दार उघडलं की फॉर्मलिनचा. मी नवीकोरी एमडी, देवळ्याहून आलेली, तोंडाने फटकळ, आणि डॉक्टर झाल्याचा माज नाकाच्या शेंड्यावर. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे, तिथले जुने टेक्निशियन. सगळं हॉस्पिटल तुम्हाला भाऊ म्हणायचं आणि तुम्ही सगळ्यांना सर नाहीतर मॅडम. वर ऑपरेशन चाललेलं असायचं, तुकडा खाली यायचा. तुम्ही तो गोठवायचात, त्या थंड पेटीतल्या पात्यावर त्याचा पापुद्र्यासारखा पातळ काप काढायचात, रंगवायचात, आणि मग मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सांगायचं की कडेला कॅन्सर उरलाय की कड साफ आहे. उरला असेल तर सर्जन तेवढ्याच बाजूने आणखी काढणार. एकेका तुकड्याला पाऊण तास. तेवढा वेळ वर पेशंट टेबलावर, आणि सर्जन हात बांधून उभे.

पहिल्याच आठवड्यातला तो दिवस. वरून बाटली आली आहे, तुम्ही ती उजेडात धरून फिरवताय, झाकण उघडत नाही. वॉर्डातल्या मावशींना म्हणता, "परत न्या. सरांना सांगा, दिशा नाही." मावशींचा चेहरा पडतो. पाच मिनिटांत इंटरकॉम वाजतो आणि पलीकडचा आरडाओरडा मला तीन टेबलं सोडून ऐकू येतो. तुम्ही रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून उभे. ओरडणं संपल्यावर शांतपणे म्हणता, "सर, कॅन्सर आहे की नाही ते आमच्या मॅडम सांगतील. पण कुठे आहे ते तुमच्या खाचांशिवाय कुणालाच सांगता येणार नाही." आणि रिसीव्हर ठेवून मला म्हणता, "मॅडम, चहा घ्या. अर्धा तास लागेल." मला त्या दिवशी वाटलं होतं, काय हा माणूस! केवढा आगाऊपणा! बाटली परत आली तेव्हा तुकड्याला खाचा होत्या.

डोक्याकडे एक खाच, नाकाकडे दोन. चेहऱ्यावरचा तुकडा असेल तर हाच नियम. सर्जनने तुकडा उचलायच्या आधी पात्याच्या टोकाने त्याच्यावर आणि बाजूच्या कातडीवर मिळून बारीक खाच द्यायची, म्हणजे तीच खूण जखमेवरही राहते आणि तुकड्यावरही. शाई धुपते, दोरा सुटतो, खाच कुठे जात नाही, असं तुम्ही म्हणायचात. आणि दुसरा नियम बोटाचा. तोंडी काही सांगायचंच नाही. लॅबवाल्याने सर्जनच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, समोर नाही, आणि कॅन्सर जिथे उरलाय तिथे स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. सर्जनने चिमट्याने जखमेवर जागा दाखवायची. दोघांचं जुळलं तरच पुढे. नव्या सिस्टर आम्हाला हसायच्या. स्वतःच्या नाकाला, गालाला, कपाळाला हात लावत जिने चढणारी डॉक्टर बघून कुणीही हसेल. मलाही लाज वाटायची. म्हणून मी हळूहळू वर जाणं टाळायला लागले आणि इंटरकॉमवरूनच सांगायला लागले.

त्या एसटी कंडक्टरचा गाल मला अजून दिसतो. नाक आणि कान यांच्या बरोबर मध्ये जखम होती. त्या दिवशीचा तो माझा चौथा तुकडा, पोटात कावळे ओरडत होते. मी बघितलं, कड साफ नव्हती, इंटरकॉम उचलला आणि म्हणाले, "कानाकडे उरलाय." झालं, डबा उघडला. तुम्ही आवराआवर करत होतात. उरलेला तुकडा तुम्ही उजेडात धरलात आणि विचारलंत, "मॅडम, कानाकडे म्हणालात?" मी तोंडात घास घेऊन मान हलवली. "गोठवताना मी पालथा घालतो तुकडा. दोन खाचा दुसऱ्या बाजूला आल्यात. उरलेलं नाकाकडे आहे." मी उठले, हात धुतले नाहीत, "सॉरी भाऊ," म्हणाले. तुम्ही माझ्याकडे जे बघितलंत ते मी विसरलेले नाही. "मला सॉरी म्हणून काय करू? वर जा. टाके घालायच्या आत सांगा."

मी धावत गेले. सांगितलंही. पण भाऊ, ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहून मी म्हणाले, "सर, लॅबमध्ये दिशेची गडबड झालीय." लॅबमध्ये. माझ्याकडून म्हणायला जीभ वळली नाही. त्या माणसाचा कानाकडचा चांगला गाल कापला गेला होता, मग नाकाकडचा खराब भागही काढला, आणि टाके दुप्पट पडले. संध्याकाळी सर्जन खाली आले आणि सगळ्यांदेखत तुम्हाला वाट्टेल ते बोलले. तुम्ही हात मागे घेऊन उभे. मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले, आणि खाली काच नव्हतीच. ते गेल्यावर तुम्ही मला एवढंच विचारलंत, "सांगितलंत ना वेळेवर? बास मग." दुसऱ्या दिवशी मात्र सोडलं नाहीत. "मॅडम, काल तुम्ही खाचा मोजल्या नव्हत्या." मी म्हणाले, मोजल्या होत्या. "नाही. मोजताना तुमचे ओठ हलतात. काल हलले नाहीत. आजपासून मोठ्याने मोजायच्या, मला ऐकू आल्या पाहिजेत." त्या दिवसापासून मी बालवाडीतल्या पोरीसारखी मोठ्याने मोजायला लागले आणि तुम्ही तिकडून पाठ फिरवलेली असतानाही मान डोलवायचात.

मग ती पौर्णिमा. तुम्ही घरी बोलावलंत, बुद्धपौर्णिमेची खीर खायला. वसाहतीतल्या तुमच्या त्या दोन खोल्या, दारापुढे पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांची ये-जा, आणि स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या लाटताहेत. मला पाट दिला. तुम्ही खाली बसलात, टोपलीतून एक पोळी काढलीत, आणि कात्रीने तिला वरच्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दोन खाचा दिल्यात. वहिनी म्हणाल्या, "अहो, पोळीची कसली चेष्टा चाललीय? पाहुणीला जेवू द्या!" तुम्ही ऐकलं नाहीत. "मॅडम, हा चेहरा. नाक कुठे?" मी म्हणाले, उजवीकडे. तुम्ही पुस्तकाचं पान उलटावं तशी पोळी पालथी घातलीत. "आता?" डावीकडे. "आणि डोकं?" वरच आहे. "मग नुसत्या डोक्याच्या खाचेवरून कळलं असतं का, पोळी पालथी झालीय ते?" नाही. "म्हणून दोन बाजूंना खुणा. खा आता." तीन खाचांची ती पोळी मी खिरीबरोबर खाल्ली. एमडीच्या तीन वर्षांत मला कुणी हे असं समजावलं नव्हतं. निघताना वहिनींनी स्वतः विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर दिला, तळघरातल्या एसीसाठी. तो मी उसवेपर्यंत वापरला.

आता मशीनचं ऐका, तुम्हाला हेवा वाटणार आहे. गोठवणं बंद. पातं बंद. तुकडा ओटीतून येतो तो तसाच ताजा, सलाइनमध्ये धुवायचा, अर्धं मिनिट नारिंगी रंगात बुडवायचा, परत धुवायचा, आणि कापलेली बाजू खाली करून काचेवर सपाट बसवायचा. मशीन खालून लेसरचा उजेड टाकतं आणि पडद्यावर एकेका पेशीचं केंद्रक चमकायला लागतं. वर ते मशीन त्याला आपल्या नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगात दाखवतं, म्हणजे माझ्यासारख्या जुन्या डोळ्यांना परकं वाटू नये. चार-पाच मिनिटांत संपूर्ण कड समोर! तुकड्याला धक्का नाही, तो नंतर नेहमीच्या पद्धतीने मेणात घालून पुन्हा तपासता येतो. मी सुरुवातीला विश्वास ठेवला नाही. तीन महिने प्रत्येक तुकडा दोन्ही पद्धतींनी बघितला, एकमेकांशी ताडून पाहिला, तेव्हा कुठे मान्य केलं. खोलीसुद्धा तळघरात नाही, ओटीला लागून, मध्ये फक्त एक सरकती खिडकी.

एकच गोष्ट तुम्हाला लगेच टोचली असती. मशीन खालून बघतं. काचेच्या टेबलाखाली बसून वरची पोळी बघावी तसं. म्हणजे डावं-उजवं उलटं. पण ते मशीन स्वतःच चित्र पलटून सरळ करून देतं, सेटिंगमध्ये त्यासाठी एक टिक असते. ती टिक पहिल्या दिवसापासून होती आणि तिच्याकडे मी नंतर कधी बघितलंही नाही.

आणि मग आल्या सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या मावशी. पन्नाशीच्या असतील, उजव्या डोळ्याच्या खालच्या पापणीवर मसुराएवढी काळी चकचकीत गाठ, मधोमध खड्डा पडलेली. दोन वर्षं फोड समजून पाला लावत होत्या. आधी जिथे दाखवलं तिथे सांगितलं होतं की खात्रीसाठी अख्खी खालची पापणी काढावी लागेल, आणि त्या सरळ उठून घरी निघून गेल्या होत्या. मुलीने कशाबशा पुन्हा आणल्या, पाड्यावरून जीपने आणि मग एसटीने. आमचे सर्जन त्यांना समजावत होते तेव्हा मी तिथेच होते. सगळं ऐकून घेतल्यावर मावशी माझ्याकडे वळल्या. "बाई, एक डोळा गेला तरी दुसरा हाय. पण उघडा ऱ्हाणारा डोळा नको मला. आमच्याकडं एकीचा झालाय तसा. निजली तरी बघत ऱ्हाती. धूळ जाती, पाणी गळतं. माझा मिटला पायजे."

मुलगी म्हणाली, "आन् म्याडम, जे काय हाय ते एकदाच करा. टाके काढले की आम्ही द्राक्षांच्या खुडणीला जाणार दिंडोरीकडं. तिथनं परत यायला नाय सोडत कुणी." म्हणजे मेणातला रिपोर्ट आठवड्याने आला आणि कड साफ नाही म्हणाला, तर मावशी दुसऱ्या ऑपरेशनला थांबणार नव्हत्या. जे होईल ते त्याच दिवशी, त्याच टेबलावर. सर्जनने सांगितलं, थोडं थोडं काढू, प्रत्येक वेळी मॅडम बघतील, उरलं असेल तिथेच पुन्हा काढू. पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यात डोळ्याचं पाणी नाकात नेणारी केसासारखी नळी असते. तिथपर्यंत कॅन्सर नसला तर ती वाचेल आणि पापणी नीट मिटेल. असला तर कोपऱ्यासकट सगळं जाईल. मावशींनी एवढंच विचारलं, "कवा करता?"

ऑपरेशन जागेपणीच, फक्त जागा बधिर करून. पहिला तुकडा खिडकीतून आला, होडीच्या आकाराचा, खाचा स्वच्छ. आमच्या ओटीत खाचा देण्याचा नियम मी पहिल्या दिवसापासून लावून धरलाय, त्यावरून भांडणंही केलीत. धुतला, रंगवला, काचेवर ठेवला. पडद्यावर चित्र उमटायला लागलं आणि मला त्या गाठी दिसल्या. दाटीवाटीने बसलेली केंद्रकं, कडेची रांगेत उभी. थेट पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत गेलेल्या. उजवा डोळा असला की आमच्या पडद्यावर नाक उजवीकडे असतं. म्हणजे कोपऱ्यासकट पापणी जाणार. तेवढ्यात खिडकीतून सर्जनचा आवाज, "मॅडम, नाकाकडेच ना? मला बघतानाच वाटलं होतं." त्यांनाही तसंच वाटत होतं, चित्रही तेच म्हणत होतं. माझं बोट माझ्याच उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर गेलं होतं. 'हो' हा शब्द जिभेवर होता.

आणि ओठ हलले. सवयीने. "डोक्याकडे एक," मी मोठ्याने म्हणाले. ती वर जागेवर होती. "नाकाकडे..." उजवी कड बघितली. गुळगुळीत. खाच नाही. परत बघितली, मोठी करून बघितली. नाही. शेजारी सिस्टर उभी होती, ती म्हणाली, "मॅडम, काय झालं?" मी डावीकडे गेले. तिथे एक. आणि तिच्याशेजारी दुसरी.

भाऊ, तुकडा मी उलटा ठेवलाय का, म्हणून काच उचलून बघितली. तुकडा बरोबर होता, कापलेली बाजू खालीच. मग सेटिंग उघडलं. टिक नव्हती. दोन दिवसांपूर्वी मशीनची सर्व्हिस झाली होती आणि सगळं मूळपदावर आणताना ती टिक गेली होती. मशीन मला पालथी पोळी दाखवत होतं. खिडकीतून सर्जन पुन्हा म्हणाले, "मॅडम? सुरू करू का?"

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की सिस्टर दचकली. मास्क वर ओढला आणि आत गेले. समोर नाही, शेजारी उभी राहिले, आणि माझ्या उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या टोकाला बोट ठेवलं. "इथे. कानाकडे. नाकाकडे साफ आहे." ते म्हणाले, "नक्की? मला तर..." मी म्हणाले, "जखमेवरच्या दोन खाचा दाखवा." त्यांनी चिमट्याने नाकाकडच्या खाचा दाखवल्या. "माझ्या चित्रात त्या खाचांपाशी काहीही नाही. सगळं त्याच्या पलीकडच्या टोकाला आहे. चित्र उलटं आलंय, सर्व्हिसनंतर टिक गेलीय. खाचा तुकड्याबरोबरच फिरतात." मग त्यांचा चिमटा हळूहळू कानाकडे सरकला, माझ्या बोटाच्या जागी. कापडाखालून मावशींचा आवाज आला, "काय झालं वं बाई? डोळा काढताय काय?" सर्जन म्हणाले, "नाही मावशी, हलू नका." आणि मी, जिला असं काही बोलायचा अधिकार नव्हता, ती म्हणून बसले, "मावशी, मिटणार तुमचा डोळा!"

दुसरा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. टिक लावली, धुतला, रंगवला, ठेवला. मी मोजलं, आणि या वेळी माझ्याबरोबर सिस्टरनेही मोठ्याने मोजलं. कड साफ. पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. साफ! नाकाकडच्या कोपऱ्याला पात्याचं टोकसुद्धा लागलं नाही. पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत दीड तासही झाला नव्हता. बाहेर आल्यावर आधी तपासलं की सर्व्हिसपासून दुसऱ्या कुणाचं ऑपरेशन झालंय का. झालेलं नव्हतं. मग मात्र खुर्चीवर बसले.

पाच दिवसांनी मेणातले काप आले. ते मी स्वतः बघितले, दुसऱ्या कुणाच्या हातात दिले नाहीत. पहिला तुकडा, नाकाकडे साफ, कानाकडे कॅन्सर. दुसरा तुकडा, आत शेपटीसारखा बारीक कॅन्सर, बाहेरची कड साफ. अगदी अक्षरशः जे सांगितलं तेच. मी लॅबमध्ये एकटीच होते आणि, हसू नका, मी नाचले. पन्नाशीला आलेली बाई, गुडघे कुरकुरतात, पण नाचले. ते मशीन बरोबर, आपण बरोबर, आणि मावशींची पापणी जागेवर. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मी या शहरातली सगळ्यात खूश बाई होते त्या दुपारी.

काल मावशी टाके काढायला आल्या. टाके निघाले, पुसून झालं. मी म्हणाले, मिटा डोळा. त्यांनी मिटला. पूर्ण, पांढरं जराही दिसत नाही, पापणीला पापणी चिकटलेली. उघडा. मिटा. उघडा. पाणी गळतंय का बघितलं, नाही. परत मिटा. दहा वेळा तरी करायला लावलं असेन. शेवटी मावशी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "बास करा आता बाई, मला झोप यायला लागली." सगळी खोली हसली. मुलगी म्हणाली, "येताना जीपमधी लय धूळ होती, तर ही मुद्दाम डोळा मिटून बसली. दोन्ही मिटून. मंग म्हणती, मला दिसंना." त्या तिथूनच दिंडोरीच्या गाडीला गेल्या. मी खिडकीतून बघत होते. माझ्या आयुष्यात मला एवढं भरून आलेलं आठवत नाही.

हे पत्र मी येत्या पौर्णिमेला वहिनींकडे घेऊन जाणार होते. त्या अजून त्याच घरात आहेत, नजर अधू झालीय, वाचून दाखवावं लागतं. तुमच्याबद्दल कुणी दोन शब्द बोललं की त्या हातातलं काम खाली ठेवतात. त्यांना हे सगळं ऐकवायचं म्हणूनच वही घेऊन बसले होते. पण आता वाटतं, नाही नेता येणार. भाऊ, त्या ऑपरेशननंतर आमच्या सर्जनने नियमांचा एक कागद छापून ओटीच्या भिंतीवर लावला. खाचा कुठे द्यायच्या, मोठ्याने मोजायचं, शेजारी उभं राहायचं, बोट ठेवायचं. मग दुसऱ्या हॉस्पिटलांतले काही सर्जन बघायला आले, चहापाणी झालं, आणि त्यांतल्या एकीने विचारलं, "मॅडम, फार छान पद्धत आहे. कुठे शिकलात?" मी म्हणाले, "माझीच आहे. जुनी सवय." तुमचं नाव घेतलं असतं तर तिने विचारलं असतं, त्यांनी का सुरू केलं, तुम्हाला कसं शिकवलं, आणि मग मला तो कंडक्टरचा गाल सांगावा लागला असता, आणि ओटीच्या दारात मी काय म्हणाले तेही. एवढ्या लोकांत, एवढ्या आनंदात ते माझ्याच्याने झालं नाही. कागदाच्या खाली माझं नाव छापलंय. ते खोडायला मी पेनही उचललेलं नाही. हे वाचून दाखवल्यावर वहिनी विचारतील, "मग तिथे यांचं नाव लिहिलंत का?" आणि मला नाही म्हणावं लागेल.